आधी अंदाज, मग बटण

गणिताला भिऊन जीवशास्त्र घेतलेली माणसं पुष्कळ असतात, पण बेडूकबाईंइतकं मनापासून कोणी भ्यायलं नसेल. बस इतक्या वाजता सुटली तर किती वाजता पोचेल, एवढं साधं कोणी विचारलं तरी त्या म्हणायच्या, "पोचेल की वेळेवर," आणि विषय बदलायच्या. पडद्याला कापड किती लागेल ते नवरा ठरवायचा. औषधाची अर्धी गोळी दिवसातून किती वेळा, ते मुलगी लग्न होऊन जाईपर्यंत तीच ठरवायची आणि त्यानंतर फोनवरून ठरवायची.

या भीतीला कारण होतं. शाळेत असताना गणिताच्या मास्तरांनी त्यांना एकदा फळ्यापाशी उभं केलं. गणित सोपं होतं. वर्गातल्या निम्म्या पोरांना ते आलं असतं, एरवी त्यांनाही आलं असतं. पण खडू हातात आला आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. तास संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मागे वर्ग फिदीफिदी हसत राहिला. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "मी एक वेळ बेडूक कापीन, पण पुन्हा गणित करायला फळ्यापाशी जाणार नाही." आईला वाटलं, पोरीला ताप आलाय.

पोरीने मात्र शब्द खरा केला. कॉलेजात जीवशास्त्राच्या बाई झाल्या आणि वर्षानुवर्षं बेडूक कापायला शिकवलं. मागच्या इमारतीतली लांबट प्रयोगशाळा, दगडी ओटे, गळके नळ, उंच स्टुलं, कपाटात ओळीने ठेवलेल्या बरण्या, हे त्यांचं राज्य. तिथल्या औषधाचा वास त्यांच्या कपड्यांना इतका मुरलेला असायचा की बसमध्ये शेजारची जागा हमखास रिकामी मिळे. फळ्याची भीती फक्त आकड्यांपुरती होती, चित्रांची नव्हती. रंगीत खडूने त्या बेडकाचं हृदय काढायला लागल्या की मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा आ वासून बघायची. बेडूकबाई हे नाव त्याच पोरांनी ठेवलं, आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

मग नियम आला की आता बेडूक कापायचे नाहीत. बाईंना वाईट कमी आणि हायसं जास्त वाटलं, कारण बेडकांवर त्यांचा जीव होता. पण बेडूक वाचले आणि बाई अडकल्या. त्यांचे तासच गेले. एक दिवस प्राचार्यांनी खोलीत बोलावलं.

"बाई, पहिल्या वर्षाच्या विज्ञानाच्या सगळ्या मुलांना एक नवा पेपर सक्तीचा झालाय. गणिती कौशल्यं आणि संगणकाची साधनं. आलेख, सरासरी, लॉगॅरिदम, सॉफ्टवेअर, असं सगळं. तो तुम्ही घ्या."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मी? सर, गणिताच्या सरांना द्या ना."

"त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हणून सांगितलंय."

"मग संगणकाच्या मॅडम?"

"त्या बाळंतपणाच्या रजेवर. मीच घेतला असता, पण मला दहावीनंतर गणित नव्हतं."

"मलाही नव्हतं!"

"बघा, म्हणजे आपण सारखेच," प्राचार्य म्हणाले. प्राचार्य मनाने वाईट नव्हते, पण कटू गोष्ट गोड करून सांगायची कला त्यांना कधी साधली नाही. "नाही जमलं तर बाई, तुम्हाला तास उरत नाहीत. मग ग्रंथालयात बसवावं लागेल, निवृत्तीपर्यंत. उघड्या तासापर्यंत बघू, आणि मग ठरवू."

उघडा तास ही त्या कॉलेजची जुनी पद्धत. नवा पेपर सुरू झाला की सत्राच्या शेवटी त्याचा एक तास दोन्ही दारं उघडी ठेवून घ्यायचा. इतर शिक्षक, कारकून, मुलांचे आईवडील, ज्याला वाटेल त्याने यावं, मागे बसावं आणि मनात येईल तो प्रश्न विचारावा. त्या तासावरून प्राचार्य ठरवणार, पेपर कोणाकडे राहील. कित्येक चांगले मास्तर त्या उघड्या दारांतून वाऱ्यासारखे उडून गेले होते, असं स्टाफरूममध्ये सांगत. स्टाफरूममध्ये काहीही सांगतात म्हणा, पण बाईंची झोप उडायला तेवढं पुरे होतं.

त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. दिवसभर डोळ्याला भिंग लावून तो चाकांशी बोलायचा आणि संध्याकाळी बायकोशी.

"अहो, माझं आगीतून फुफाट्यात झालं," बाई दारातूनच म्हणाल्या.

"बेडूक चावला?" भिंग तसंच, मान खालीच.

बाईंनी सगळं सांगितलं. घड्याळवाले म्हणाले, "ग्रंथालय काय वाईट? शांत असतं. पंखा असतो."

"तिथे मुलांना बोलायला बंदी, आणि मलाही. तास नसलेली बाई म्हणजे काटे नसलेलं घड्याळ, कळलं का?"

हे मात्र घड्याळवाल्यांना बरोबर कळलं. त्यांनी भिंग काढून ठेवलं, बायकोकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग शिक की. तू काय कधी काही शिकली नाहीस का?" बाईंना त्या क्षणी नवऱ्याचा राग आला आणि रात्री जेवताना तोच नवरा जगात सगळ्यात शहाणा वाटला. संसारात असं चालायचंच.

आता शिकायचं कोणाकडे? गणिताच्या सरांना सगळे बरोबरसर म्हणायचे, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'बरोबर?' असायचं. बाईंचं आणि त्यांचं स्टाफरूममधलं भांडण जुनं होतं. "जीवशास्त्र म्हणजे नुसती नावं पाठ करायची, बरोबर?" असं ते चहाच्या वेळी डिवचायचे, आणि बाई म्हणायच्या, "आणि गणित म्हणजे सगळ्यांची नावं विसरून प्रत्येकाला क्ष म्हणायचं, बरोबर?" आता बरोबरसर गळ्याला मफलर गुंडाळून कोपऱ्यात मुकाट बसलेले असत. पुढ्यात लहान मुलांची असते तशी पाटी. बोलायचं असेल ते त्यावर लिहायचं. ज्याची जीभ जन्मभर थांबली नाही त्याला ही शिक्षा, आणि स्टाफरूमला ती शांतता खायला उठायची.

बाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "सर, गरज सरो आणि वैद्य मरो, असं मी करणार नाही. पण मला लॉगॅरिदम शिकवा."

बरोबरसरांचे डोळे चमकले. घसा खाकरला, आणि मग बंदी आठवून खांदे पाडले. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'तुम्ही बोला. मी मान हलवतो.'

अशी ही जगावेगळी शिकवणी सुरू झाली. गुरू मुका, म्हणून शिष्येलाच बोलावं लागलं. पुस्तकातलं वाचायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, आणि समोरची मान कुठल्या बाजूला हलते ते बघायचं. सुरुवातीला ती मान फक्त आडवी हलत होती. बाई चिडायच्या, पुस्तक मिटायच्या, चहा पिऊन पुन्हा उघडायच्या. एकदा बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या.

"थांबा हं. एका पेशीच्या दोन होतात. दोनाच्या चार, चाराच्या आठ. हे तर मी रोज शिकवते. मग लॉगॅरिदम हेच उलटीकडून विचारतो ना? की बाबा, एवढ्या पेशी दिसतायत, तर त्या किती वेळा दुप्पट झाल्या असतील?"

मान उभी हलली. एकदा, दोनदा, मग चांगली जोरात, मफलर सुटेपर्यंत.

"एवढंच?"

पाटी वर आली. 'एवढंच.'

"मग मला इतकी वर्षं हे कोणी सांगितलं का नाही?" बाईंचा आवाज असा चढला की रसायनशास्त्राच्या सरांच्या हातातला कप डचमळला.

बरोबरसरांनी पाटी पुसली आणि शांतपणे लिहिलं, 'विचारलंत कुठे?'

तेव्हापासून त्यांनी विचारायला जी सुरुवात केली ती थांबलीच नाही.

संगणकाच्या खोलीत मात्र वेगळाच प्रकार. तिथे मुलं तयार आणि बाई कच्च्या. पडद्यावरचा बाण त्यांना सापडायचाच नाही. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की त्या खुर्चीसकट सरकायच्या. "बाई, उचलून पुन्हा ठेवा," मुलं सांगायची. कोणी हसलं तर बाईही हसायच्या. हसणं अंगावर घ्यायची भीती बेडकांबरोबर कधीतरी निघून गेली होती. फक्त फळ्यापाशी आकडे लिहायचे म्हटलं की अजूनही हात गार पडायचे. म्हणून त्या मुलांनाच फळ्यावर पाठवायच्या आणि आपण खिडकीशी उभ्या राहायच्या.

मुलांच्यात एक मुलगी होती. तिला वर्ग खोडरबर म्हणायचा. ती उत्तर लिहायची, त्याकडे टक लावून बघायची आणि खोडून टाकायची. पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. तिच्या वहीची पानं खोडून खोडून लोकरीसारखी झाली होती. परीक्षेत कागद फाटायचा. पेशीची चित्रं मात्र एकदा काढली की खोडायची गरज पडायची नाही, इतकी नेमकी. संगणक आल्यावर तिचं आणखीच फावलं. कागदावर निदान खुणा तरी राहायच्या, इथे बटण दाबलं की मागमूस नाही.

एकदा बाईंनी कॉलेजच्या बागेतल्या तळ्यातून बेडूकमासे आणवले, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं. काचेच्या बशीत थोडं पाणी, बशीखाली आलेखाचा कागद, आणि हळूच लांबी मोजायची. कापायचं काही नाही, मोजून झालं की पिल्लू पुन्हा बादलीत. प्रत्येक गटाने आपापले आकडे स्प्रेडशीटमध्ये भरायचे आणि संगणकाकडून सरासरी काढून घ्यायची. वर्ग खूष. पाणी सगळ्यांच्या बाह्यांवर.

सरासरी आली साडेसोळा सेंटिमीटर. पोरांनी माना खाली घालून ती प्रयोगवहीत उतरवली. उत्तराखाली दोन रेघा, स्वच्छ अक्षर.

बाई बाकांमधून फिरत होत्या. एकाच्या वहीत साडेसोळा, दुसऱ्याच्या वहीत साडेसोळा. खोडरबरच्या वहीतही साडेसोळाच, पण त्याच्या खाली काहीतरी खोडलेलं दिसत होतं. बाईंनी चष्मा वर करून बघितलं. तीन.

"हा तीन का खोडलास गं?"

"आधी मला वाटलं होतं तीनएक असेल. पण कॉम्प्युटर सोळा म्हणतोय."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार, बाई," मुलगी म्हणाली. तिने ते अगदी सहज म्हटलं. फळ्यापाशी खडू धरून उभी राहिलेली एक मुलगी त्यांना आठवली. तिलाही उत्तर येत होतं, आणि तीही असंच म्हणाली असती.

मग त्यांनी बादलीतून एक पिल्लू बशीत घेतलं, बशी उंच धरली आणि त्या हसायला लागल्या. थांबेचनात. "अरे बाळांनो, साडेसोळा म्हणजे जवळजवळ वीतभर! हा बघा, माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासा मोठा. वीतभर बेडूकमाशाचा बेडूक केवढा होईल? तो आपल्याला टेबलावर उताणा पाडून टाचण्या मारील आणि म्हणेल, चला, आज माणूस बघू!"

वर्ग खो खो हसला. हसून झाल्यावर शोध सुरू झाला आणि चोर लगेच सापडला. निम्म्या गटांनी लांबी सेंटिमीटरमध्ये भरली होती, निम्म्यांनी मिलिमीटरमध्ये. तीन आणि तीस एकाच रांगेत बसले होते. संगणकाने बिचाऱ्याने काहीच चुकवलं नव्हतं. जे दिलं त्याची सरासरी काढली. बेडूकमासा काय चीज असते, हे त्याला कुठून माहीत असणार?

पण ते बाईंना माहीत होतं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं की हेसुद्धा गणितच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. बादलीत डोकावून "असतील पन्नास-साठ" म्हणणं, बरणी हातात घेऊन "अर्धा किलो" म्हणणं, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. त्याला त्या अंदाज म्हणायच्या आणि कमी लेखायच्या.

त्या दिवसापासून वर्गात नियम झाला. आधी अंदाज, मग बटण. संगणकाला हात लावायच्या आधी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात आपला अंदाज लिहायचा. संगणकाचं उत्तर उजव्या कोपऱ्यात. दोन्ही जवळपास आली तर पुढे जायचं, नाही आली तर दोघांपैकी एक थापा मारतोय, तो कोण ते हुडकायचं. अंदाज चुकला म्हणून कोणाला हसायचं नाही. अंदाज खोडला तर मात्र त्या दिवशी बशा धुवायच्या. खोडरबरने पुढचे कित्येक दिवस बशा धुतल्या.

बरोबरसरांनी हा नियम ऐकला तेव्हा पाटीवर काही न लिहिता त्यांनी उठून बाईंचा चहा स्वतः आणून दिला. स्टाफरूमने असं दृश्य पूर्वी पाहिलं नव्हतं.

उघडा तास जवळ आला. बाईंनी एक काचेची टाकी खिडकीशी ठेवली. तिच्यात पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी हिरवी पानं सोडली. एका पानाला दुसरं फुटतं, ते सुटून वेगळं होतं, त्याला तिसरं. सुरुवातीला दहा टाकली होती. मुलं पाळीपाळीने मोजायची. दर तीन दिवसांनी जवळपास दुप्पट. आकडे स्प्रेडशीटमध्ये, त्यांचा आलेख भिंतीवरच्या पडद्यावर, आणि त्या ठिपक्यांतून जाणारी रेघ सॉफ्टवेअरने काढलेली. दुप्पट म्हटलं की लॉगॅरिदम आलाच. बाईंनी तास असा बसवला होता की कुठे ठेचच लागू नये.

त्या दिवशी मागची सगळी बाकं भरली. रसायनशास्त्राचे सर, कारकून, कोणाकोणाचे आईवडील. बरोबरसर मफलरसह. आता त्यांना दिवसाला थोडेसे शब्द बोलायची परवानगी होती, पण ते शब्द जपून ठेवायचे. अगदी शेवटच्या बाकावर का होईना, घड्याळवालेही यायला निघाले होते, पण बाईंनीच बजावलं होतं, "तुम्ही आलात तर माझा आवाज फुटणार नाही. घरी बसा."

तास सुंदर चालला. मुलांनी आकडे दाखवले, दुप्पट होण्याची गंमत सांगितली, एका बाजूला लॉगॅरिदमची मोजपट्टी लावली की तोच आलेख सरळ रेघ कसा होतो तेही दाखवलं. पालकांच्या माना डोलत होत्या. बाईंचा हुरूप वाढला. एवढ्यात प्राचार्यांनी हात वर केला. त्यांना बाईंना अडवायचं नव्हतं, मनापासून उत्सुकता वाटली होती.

"मग बाई, अशी वाढत राहिली तर त्या दहा पानांची वर्षभरात किती पानं होतील? तुमचं यंत्र सांगेल का?"

"सांगेल की!" बाई म्हणाल्या. तोंडातून शब्द गेला आणि संगणकाशी बसलेल्या मुलाने बटण दाबून रेघ पुढे ओढली.

पडद्यावर आकडा आला. चार, टिंब, तीन, मग ई, मग अधिकचं चिन्ह आणि सदतीस. आलेखाचं तर रूपच पालटलं. मुलांनी इतके दिवस मोजलेले सगळे ठिपके तळाशी चिरडून एक सपाट रेघ झाले आणि उजव्या टोकाला एक भिंत सरळ आभाळात गेली.

"म्हणजे चारावर सदतीस शून्यं?" कारकून बोटं मोजू लागला.

प्राचार्यांनी आकडा नीट उतरवून घेतला.

रसायनशास्त्राच्या सरांनी मात्र खिशातलं पेन काढून पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. त्यांचे डोळे विस्फारले. "अहो, एवढी पानं झाली तर अख्खी पृथ्वी झाकून उरतील. समुद्रासकट! एक पृथ्वी पुरायची नाही."

मागे हशा पिकला. कोणी वाईट हसत नव्हतं, पण हशा तो हशा. बाई फळ्यापाशी होत्या. आपण खडू कधी उचलला हे त्यांना कळलं नाही. हात गार पडले. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, अगदी तसंच, आणि पाठीमागे वर्ग हसत होता. ग्रंथालयातला तो पंखा त्यांना गरगर फिरताना दिसला.

"बाई."

आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेला नाही.

"बाई, आपण अंदाज लिहिलाच नाही."

खोडरबर उभी राहिली होती. तिचे कान लाल झाले होते. बाईंनी फळ्याच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता. खरंच की! केल्यापासून एकदाही मोडला नाही तो नियम आज त्यांनीच मोडला होता. आणि का कोण जाणे, एवढं दिसल्याबरोबर त्यांचा श्वास मोकळा झाला. चूक सापडली की ती चूक राहत नाही, नुसतं काम राहतं.

"अगदी खरं," बाई मोठ्याने म्हणाल्या. "सर, प्रश्न छान होता, घाई माझी झाली. तो आकडा खोडा बरं तुम्ही."

प्राचार्यांनी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा आकडा खोडला. बाईंनी मुलीपुढे खडू धरला. "ये. तुझा अंदाज काढ."

ती आली. संबंध खोली तिच्याकडे बघत होती. तिने आधी खिडकीतल्या टाकीकडे पाहिलं, मग फळ्यावर एक वक्र रेघ काढायला घेतली. सुरुवातीला सपाट, मग भराभर वर, आणि मग, जिथे संगणकाची रेघ आभाळात गेली होती तिथे, हिची रेघ हळूहळू वाकली आणि आडवी झाली.

"टाकी भरली की जागा नाही," ती म्हणाली. "पानांवर पानं आली की खालच्यांना ऊन मिळत नाही. मग जेवढी नवी येतील तेवढी जुनी मरतील."

"म्हणजे कॉम्प्युटर चुकला?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर. टाकीला कडा आहेत, हे त्याला कोणी सांगितलंच नाही."

मुलीने आपल्या रेघेकडे टक लावून पाहिलं आणि तिचा हात सवयीने डस्टरकडे गेला. तिने तो उचलला. वर्गातल्या पोरांनी श्वास रोखले, कारण पुढे काय होतं ते त्यांना पाठ होतं. ती तशीच उभी राहिली. मग तिने डस्टर जागेवर ठेवला, हातावरची खडूची पूड झटकली आणि बाकावर जाऊन बसली.

बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. लपवायचं कशासाठी? असा आनंद रोज होत नाही.

त्यांनी दुसरा खडू घेतला आणि तिच्या रेघेखाली आकडे लिहायला लागल्या. टाकीची लांबी, रुंदी, एका पानाला लागणारी जागा. भागाकार मांडला. स्वतः, फळ्यावर, सगळ्यांदेखत. मध्ये एक शून्य राहून गेलं, ते मुलांनी ओरडून सांगितलं आणि बाईंनी ते घातलं. आडव्या रेघेची उंची ठरली. मग तीच कड संगणकाला सांगितली, बटण दाबलं, आणि पडद्यावरची रेघ खोडरबरच्या रेघेसारखीच वाकली. मागून टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर कोपऱ्यातून एक घोगरा, गंजका आवाज आला.

"बरोबर."

सगळ्यांनी वळून बघितलं. बरोबरसरांनी त्या दिवसाचे साठवलेले शब्द एकाच शब्दात खर्च केले होते, आणि यावेळी ते काही विचारत नव्हते.

दारातून बाहेर पडताना प्राचार्य बाईंना म्हणाले, "ग्रंथालयासाठी मला दुसरं कोणीतरी शोधावं लागणार." त्यांच्या परीने ते गोड बोलले होते.

बाई बसने घरी आल्या. शेजारची जागा आज भरलेली होती. कपड्यांचा वास गेला होता की काय, कोण जाणे. घड्याळवाले दुकानाच्या दारातच उभे होते, आणि भिंग कपाळावर चढवलेलं. एवढा कामसू माणूस, पण दुपारपासून एकही घड्याळ उघडू शकला नव्हता.

"काय झालं? सांग ना. जमलं का?"

"आधी अंदाज," बाई म्हणाल्या.

घड्याळवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. पदराला, बाहीला, चष्म्याच्या काचेला, नाकाच्या शेंड्यालाही खडूची पांढरी पूड लागली होती. एवढ्या वर्षांत ही बाई रंगीत खडूने माखून घरी यायची, पांढऱ्याने कधीच नाही. त्यांनी भिंग काढून खिशात ठेवलं.

"म्हणजे ग्रंथालयातला पंखा हुकला, आणि निवृत्तीपर्यंत मला तुझ्या पदरावरचा खडू झटकावा लागणार," ते म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.